सण त्यांचे, धांदल मात्र आपल्यासारखीच!

भगिनींनो, दिवाळी तोंडावर आली की आपल्या घरांत काय चाललेलं असतं ते निराळं सांगायला नको. एका शेगडीवर चिवड्याची फोडणी, दुसरीवर पाक, माळ्यावरचे डबे खाली, पडदे धुवायला, आणि त्यातच शेंडेफळाची भुणभुण, "आई, माझा आकाशकंदील!" अशा वेळी कमरेवर हात ठेवून क्षणभर उभं राहिलं की मनात येतंच, 'काय गं बाई, जगातल्या साऱ्याच बायका सणासुदीला अशा दमत असतील का?'

दमतात हो! अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या बायकाही दमतात. पण तिथं कुठलं काम सगळं घर वाटून घेतं आणि कुठलं एकटीच्या गळ्यात पडतं, हे पाहिलं की आपल्याही घराकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहावंसं वाटतं. म्हणून आज जाऊ या मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला या देशात, आणि तिथले वर्षभराचे सणवार बघून येऊ.

एक देश, दोन पंचांगं

मेक्सिकोच्या दक्षिणेला चिकटलेला हा डोंगराळ देश. आकारानं आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम एकतृतीयांश. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजून दूधवाला दारात येतो, तेव्हा तिथं आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात! ज्वालामुखीची शिखरं, कॉफीचे मळे आणि जिकडे तिकडे मका. आपल्याला जशी भाकरी-पोळी, तशी त्यांना मक्याची तोर्तिया. ती नसली तर जेवण झाल्यासारखं वाटायचं नाही.

जवळजवळ तीनशे वर्षं इथं स्पेनचं राज्य होतं. १८२१ साली ते संपलं, पण स्पॅनिश भाषा आणि कॅथलिक धर्म राहिला. त्याच्या जोडीला या मातीतले मूळचे माया लोकही टिकून आहेत. त्यांच्या बावीस भाषा आजही बोलल्या जातात. त्यामुळं सण आले ख्रिस्ती पंचांगातून, पण त्यांच्या पोटात कितीतरी गोष्टी जुन्या, मायांच्या.

त्यांचं स्वतःचं पंचांगही आहे बरं का! ते आहे २६० दिवसांचं. आईच्या पोटातल्या नऊ महिन्यांशी हा हिशेब जुळतो, असं तिथले जाणते सांगतात. हे दिवस मोजणारे आणि शुभाशुभ सांगणारे 'दिवस राखणारे' म्हणून ओळखले जातात. त्यांत पुरुष असतात तशा बायकाही असतात. पंचांग पाहून मुहूर्त सांगणारी बाई! आपल्याकडे अशी किती घरांत दिसेल, सांगा पाहू.

सावळ्या देवाची वारी

वर्षाची सुरुवातच वारीनं होते. १५ जानेवारीला एस्कीपुलास या गावी देशभरातून आणि शेजारच्या होंडुरास, एल साल्वादोरमधूनही भाविक येतात. इथल्या चर्चमधली येशूची लाकडी मूर्ती काळीसावळी आहे. किरियो कातान्यो नावाच्या मूर्तिकारानं ती घडवली आणि १५९५ साली ती या गावात आली. आपल्या विठोबासारखाच हा 'काळा ख्रिस्त' गोरगरिबांचा लाडका. नवस बोलायचे, नवस फेडायचे, येताना प्रसादाची मिठाई आणायची, सारं अगदी ओळखीचं!

शिवाय गावोगावच्या संतांच्या जत्रा वेगळ्याच. जसं आपल्याकडे गावागणिक ग्रामदैवत, तसा त्यांच्याकडे प्रत्येक गावाचा एक संत. अनेक माया गावांत या संताची मूर्ती वर्षभर एखाद्या मानकऱ्याच्या घरी असते. मान मोठा, पण खर्चही मोठा. आल्यागेल्याचं करायचं, दिवाबत्ती पाहायची, जत्रेला साऱ्यांना जेवू घालायचं. घरच्या बाईचं वर्ष कसं जात असेल, हे तुम्हां-आम्हांला सांगायला हवं का?

भुशाची रांगोळी

मार्च-एप्रिलमध्ये येतो त्यांचा सगळ्यांत मोठा सण, 'सेमाना सांता' म्हणजे पवित्र आठवडा. येशूला क्रुसावर चढवलं त्या शुक्रवारपर्यंतचं दुःख आणि रविवारचा आनंद, असा हा आठवडा. तो पाहावा अँटिग्वा या जुन्या राजधानीत. १७७३ च्या भूकंपात हे शहर इतकं मोडलं की राजधानीच पुढं दुसरीकडे हलवावी लागली. पण जुने दगडी रस्ते आणि पडकी चर्चं अजून आहेत, आणि या आठवड्यात ते रस्ते नुसते फुलून येतात.

कशानं, तर रांगोळ्यांनी! तिथं त्यांना 'अल्फोम्ब्रा' म्हणजे गालिचा म्हणतात. पण रांगोळी म्हणजे पांढरी पूड नव्हे, तर सुताराकडचा लाकडाचा भुसा. तो चाळायचा, लाल, जांभळा, पिवळा, हिरवा असा रंगवायचा आणि वाळवायचा. दगडी रस्ता खडबडीत, म्हणून आधी वाळूचा किंवा साध्या भुशाचा थर देऊन तो सपाट करायचा. मग पुठ्ठ्याचे कापलेले छाप ठेवून त्यांतून रंगीत भुसा चाळायचा, आपण जाळीच्या डब्यानं रांगोळी काढतो ना, अगदी तसाच. मधल्या भागात पाय पडू नये म्हणून आडव्या फळ्या टाकून त्यांवर ओणवं बसायचं. वर पाइनच्या हिरव्या काड्या, ताजी फुलं, कुठं कुठं भाज्या आणि फळंसुद्धा! भुसा उडू नये म्हणून अधूनमधून पाण्याचा हलका शिडकावा.

हे काम रात्रभर चालतं. आणि इथंच बघण्यासारखी गोष्ट आहे. ते एकट्या बाईचं नसतं. आजोबा छाप कापतात, बाप फळ्या टाकतो, पोरं पाण्याचा पंप मारतात, शेजारी फुलं आणून देतात. गल्लीच्या गल्ली जागी असते.

मग मिरवणूक येते. आपल्या पालखीसारखंच, पण पालखी केवढी! लाकडी चौथऱ्यावर येशूची मूर्ती, आणि तो चौथरा उचलायला एका वेळी ऐंशी-शंभर माणसं. हे भोई जांभळ्या झग्यात, आणि शुक्रवारी दुपारनंतर काळ्या. मागून येते माता मेरीची पालखी, ती मात्र उचलतात फक्त बायका. पोक्त बाया, कॉलेजातल्या मुली, नोकरदार, घरकाम करणाऱ्या, साऱ्या एका खांद्यानं. त्यासाठी आधी वर्गणी भरून नाव नोंदवायचं, खांद्याची उंची पाहून रांगेतली जागा ठरते आणि ठरावीक अंतरानंतर नवी तुकडी खांदा देते. मिरवणूक बारा-बारा तास चालते, पण एकीवर सगळा भार कधीच पडत नाही!

आणि ती रात्रभर जागून काढलेली रांगोळी? पालखी सरळ तिच्यावरून जाते. पहिल्या पावलालाच नक्षी विस्कटते. मागून झाडूवाले येतात आणि काही मिनिटांत रस्ता मोकळा! कुणाला हळहळ वाटत नाही. पालखीच्या पायांखाली जावी म्हणूनच ती काढलेली असते. २०२२ साली युनेस्कोनं या पवित्र आठवड्याला जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली.

या दिवसांत मांस वर्ज्य. घरोघरी खारवलेल्या माशाचं कालवण होतं, आणि गोडात गुळाच्या पाकात शिजवलेले काबुली चणे! होय, आपण ज्यांचे छोले करतो तेच. त्यांचा गूळही उसाचाच, 'पानेला' म्हणतात त्याला.

आईला पगारी सुट्टी

१० मे हा तिथला मातृदिन. दिवसाची तारीख पक्की, वार कुठलाही असो. शाळेत पोरांची गाणी, पहाटे दाराशी वाद्यं, फुलं, केक, सगळं होतं. पण मला आवडली ती यातली एक रोखठोक गोष्ट. नोकरी करणाऱ्या आईला या दिवशी कायद्यानंच पगारी सुट्टी आहे. कौतुकाचे चार शब्द आपल्याकडेही पुष्कळ मिळतात हो, पण हक्काचा एक दिवस?

अर्थात यातही मेख आहेच. ज्या बायका दुसऱ्यांच्या घरी राबतात, बाजारात भाजी विकतात, घरी बसून विणकाम करून देतात, त्यांना कुठला मालक आणि कुठली सुट्टी! आपल्याकडची कामवाली बाई दिवाळीत कुणाच्या घरी असते, तोच हा प्रश्न.

१५ सप्टेंबर हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. आदल्या दिवशी शाळकरी मुलंमुली पेटत्या मशाली घेऊन रस्त्यारस्त्यांतून धावतात, बँडपथकं निघतात. त्या मूळच्या दिवसाची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १८२१ साली पुढारी मंडळी राजवाड्यात स्वातंत्र्याचा खल करीत बसली होती. बाहेर चौकात लोक गोळा करायचे, वाद्यं लावायची, फटाके उडवून साऱ्यांना हुरूप आणायचा, हे काम मारिया दोलोरेस बेदोया या बाईंनी केलं, असं तिथला इतिहास सांगतो. सह्या आत झाल्या, पण आवाज बाहेरून उठला होता!

झेंडूची फुलं आणि पन्नास जिनसांचं ताट

१ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, आणि त्याला लागूनच मृतांचा. आपल्या सर्वपित्रीची आठवण यावी असा. आदल्या आठवड्यात घरची माणसं कबरस्तानात जाऊन कबरी घासतात, रंग देतात आणि त्यांवर फुलं घालतात. कोणती? झेंडूची! 'मृतांचं फूल' हेच त्याचं तिथलं नाव. गंमत म्हणजे झेंडू मूळचा त्या मुलखातलाच. मका, मिरची आणि टोमॅटोसारखा तोही तिकडून जगभर गेला आणि आपल्या दसऱ्याच्या तोरणात येऊन बसला.

या दिवसाचं खास पक्वान्न म्हणजे 'फियांब्रे'. थंडच खायची ही एक प्रचंड कोशिंबीर. बीट, गाजर, फुलकोबी, फरसबी, मटार, कोवळी मक्याची कणसं, शिवाय मांसाचे तऱ्हेतऱ्हेचे प्रकार, चीज, अंडी. पन्नासाच्या वर जिनसा सहज होतात. भाज्या शिजवून व्हिनेगरच्या आंबट रसात मुरवायच्या आणि मग सगळं ताटात रचायचं. बीट घातलं तर लाल, नाही घातलं तर पांढरं. नुसत्या भाज्यांचंही असतं, आणि ज्या घरात एकाला एक आवडत नाही त्या घरात सगळं वेगवेगळं मांडतात. त्या ताटाचं नाव काय, तर 'घटस्फोटित फियांब्रे'!

प्रत्येक घरची कृती निराळी, आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे आलेली. दोन-तीन दिवस चिरण्यात जातात. पण एक सोय बघा. सगळं आदल्या दिवशीच तयार असतं, खायचं थंड. म्हणजे सणाच्या दिवशी चूल बंद! शीतळा सप्तमीला आपण चुलीला विसावा देतो ना, तसंच. आणि बाई मोकळी होते ती कबरीपाशी सगळ्यांबरोबर बसायला, आपल्या आईची, सासूची, गेलेल्या लेकराची आठवण काढायला. शिवाय ताट भरून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवायचं आणि त्यांच्याकडचं आपल्याकडे घ्यायचं. फराळाची ताटं फिरतात तशीच.

पाच मजली पतंग

याच दिवशी सुंपांगो आणि सांतियागो साकातेपेकेस या दोन गावांत पतंग उभे राहतात. 'उभे राहतात' म्हटलं ते मुद्दाम. बांबूच्या सांगाड्यावर पतंगी कागदाचे बारीक बारीक तुकडे डकवून केलेले गोल पतंग, आणि मोठ्यातला मोठा पंधरा मीटरच्या वर, म्हणजे पाच मजली घराएवढा! ते उडत नाहीत, दोर लावून नुसते उभे करतात. लहान पतंग मात्र उडवतात. गेलेल्या माणसांपर्यंत त्यांतून निरोप जातो, आणि कागदाच्या फडफडीनं वाईट आत्मे पळतात, अशी समजूत आहे.

हे पतंग बनवायला महिनोन् महिने लागतात. दिवसाची कामं आटपून मंडळी रात्री जमतात. पूर्वी हे पुरुषांचंच काम मानलं जाई. पण आता निव्वळ बायकांचे गटही आहेत, आणि त्यांचेही पतंग त्याच मैदानात इतरांच्या बरोबरीनं उभे राहतात. २०२४ मध्ये या पतंगकलेलाही युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

पण या पतंगांवर नुसती फुलंपाखरं नसतात. इथं जरा थांबून एक दुःखाची गोष्ट सांगायला हवी. १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षं या देशात यादवी युद्ध चाललं. दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा कायमची नाहीशी झाली, असा अंदाज सत्यशोधन आयोगानं १९९९ साली दिला. त्यांतली बहुतेक माया. सैन्यानं घरातून उचलून नेलेला नवरा, मुलगा पुन्हा दिसलाच नाही, अशी घरं गावोगाव होती. त्या बाईनं १ नोव्हेंबरला झेंडूची फुलं घेऊन जायचं कुठं? कबरच नाही! आजही शास्त्रज्ञ पुरलेली हाडं शोधून, तपासून, त्यांची ओळख पटवून घरच्यांच्या हवाली करतात. मग इतक्या वर्षांनी त्या घराला फुलं घालायला एक जागा मिळते.

म्हणूनच पतंगांवर कधी शांततेचं चित्र असतं, कधी हरवलेल्यांचं, कधी बायकांवरच्या अत्याचाराचं, तर कधी पोटासाठी देश सोडून गेलेल्यांचं. जे चारचौघांत बोलता आलं नाही ते कागदावर डकवून आभाळाला दाखवायचं. आणि संध्याकाळपर्यंत वाऱ्यानं त्यातल्या कितीतरी पतंगांच्या चिंध्या होतात.

आधी केर काढा, मग नाताळ

७ डिसेंबरला संध्याकाळी बरोबर सहा वाजता घरोघरी दाराशी जाळ होतो. हा 'सैतानाला जाळण्याचा' दिवस. दुसऱ्या दिवशी माता मेरीचा सण, त्याआधी घरातला कोनाकोपरा झाडून सैतानाला हाकलायचं. पूर्वी घरातली अडगळ जाळत, आता बहुधा कागदाचा लाल सैतान करून जाळतात. आपली होळीच म्हणा ना! प्लास्टिक आणि टायर जाळू नका, असं तिथंही दरवर्षी बजावावं लागतं, हेही आपल्यासारखंच.

मग १६ ते २४ डिसेंबर नऊ रात्री मेरी आणि जोसेफ यांच्या मूर्ती घेऊन मंडळी दारोदार जातात. कासवाच्या कवचावर ठेका धरतात आणि 'आसरा द्या हो' अशी गाणी म्हणतात. ज्या घरी दार उघडतं तिथं अननस, पपई, सफरचंद, मनुका आणि दालचिनी घालून उकळलेलं गरम पेय सर्वांना मिळतं.

२४ तारखेला रात्री बारा वाजता फटाके, गळाभेटी आणि तमाल! नाव ऐकून तमालपत्र आठवेल, पण त्याचा काही संबंध नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेल्या मक्याचं पीठ, त्यावर टोमॅटो, मिरची, तीळ आणि भोपळ्याच्या बियांचं वाटण, मांसाचा तुकडा, आणि हे सारं मोठ्या पानात बांधून वाफवायचं. आपल्या पातोळ्यांचा तिखट भाऊच जणू. दहा-वीस नव्हे, शंभर-शंभर होतात. एकटीनं करायला गेलं तर दिवस पुरणार नाही. म्हणून आई, मावश्या, सुना, नाती रांगेनं बसतात. एक पान पुसते, दुसरी पीठ पसरते, तिसरी वाटण घालते, चौथी बांधते. गप्पांत काम कधी संपतं कळत नाही.

पण एक विचारू? या रांगेत पुरुष दिसतो का? फारसा नाही! भुशाची रांगोळी घालायला रात्रभर जागणारे हात तमालच्या पातेल्याशी मात्र क्वचितच येतात. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते खोटं नाही.

आपण काय घ्यावं?

मला विचाराल तर ग्वाटेमालाच्या सणांतली शिकण्यासारखी गोष्ट हीच. जे काम रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत होतं ते वाटून होतं, आणि जे भिंतीआड, चुलीपाशी होतं ते बाईच्या वाट्याला येतं. तेव्हा थोडी भिंत हलवू या. करंज्यांचं पीठ घेऊन बाहेरच्या खोलीत बसा. मुलाला सारण भरू द्या, यजमानांच्या हाती कातणं द्या, सासऱ्यांना नारळ खवायला द्या. दोन करंज्या फुटतील, फुटू देत! पालखीखाली सबंध रांगोळी जाते तिथं करंजीचं काय एवढं? आणि सणाचा निदान एक दिवस चूल थंड राहील असा बेत आधीच आखून ठेवा.

करून पाहा: गुळातला भोपळा

१ नोव्हेंबरला तिथं घरोघरी होणारा हा गोड पदार्थ आपल्या सामानात असा करता येईल.

साहित्य: लाल भोपळा १ किलो, गूळ ४०० ग्रॅम, पाणी २ वाट्या, दालचिनीचे २ तुकडे, लवंगा ४.

कृती: भोपळा स्वच्छ धुऊन बिया काढा, साल मात्र ठेवा, म्हणजे फोडी मोडत नाहीत. मोठ्या फोडी करा. जाड बुडाच्या पातेल्यात गूळ, पाणी, दालचिनी आणि लवंगा घालून गूळ विरघळेपर्यंत उकळा. फोडी साल खाली येईल अशा लावा, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. भोपळा मऊ झाला की झाकण काढून पाक दाटसर होऊ द्या. डावानं ढवळू नका, पातेलंच हलवा. आदल्या दिवशी करून ठेवला तर जास्त मुरतो, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मोकळ्या!